पिवळीचा आवाज

रविवारी सगळे जमले ते नानांचं काय करायचं हे ठरवायला, पण तसं कुणी तोंडाने म्हणालं नव्हतं. "सहज जेवायला या नानांकडे," असा ताईने सगळ्यांना फोन केला होता. आणि या कुटुंबात कुणी सहज जेवायला बोलावलं की आत काहीतरी वेगळंच शिजत असतं, हे धाकट्या सुनेला लग्नाच्या पहिल्या वर्षातच कळून चुकलं होतं.

ती वर आली तेव्हा दादा आधीच येऊन बसला होता. थोरला, वकील, घरच्या सोफ्यावरही कोर्टात बसल्यासारखा ताठ. वहिनी आली नव्हती. तिला असल्या बैठका सोसत नाहीत. ताई स्वयंपाकघरात भांड्यांशी झटापट करत होती. शाळेची मुख्याध्यापिका असल्यामुळे तिचं पुटपुटणंसुद्धा शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाई. आणि नाना नेहमीसारखे खिडकीजवळच्या खुर्चीत.

"कानवाली आली," नाना पावलांवरून ओळखून म्हणाले. "आणि मागून आमचे बाळराजे. चपला ओढत चालतो अजून."

कानवाली हे तिचं सासरचं नाव. ती लोकांचे कान तपासायची, ऐकू कमी येणाऱ्यांना श्रवणयंत्रं बसवून द्यायची. नानांचं यंत्रही तिनेच बसवलं होतं. नानांनी तिच्याकडे मान वळवली, म्हणजे तिच्या खांद्यापलीकडे कुठेतरी. त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला होता. कुणाचा चेहरा बघायचा तर जरा बाजूला बघावं लागे. लष्कराच्या विमानशाळेत मागच्या सीटवर बसून कोवळ्या पोरांना उडायला शिकवण्यात ज्यांचं अर्धं आयुष्य गेलं, ते नाना आता टेबलावरचा कप चाचपडत शोधायचे.

जेवणं उरकेपर्यंत सगळ्यांनी हवापाण्यावर निभावून नेलं. मग दादाने हात पुसले.

"नाना, या आठवड्यात विमान आलं होतं का?" त्याने विचारलं. अगदी गोड आवाजात, साक्षीदाराला पिंजऱ्यात बोलावतात तसं.

"आलं होतं की."

"कुठलं?"

"पिवळीच. दुसरं कुठलं?"

पिवळी म्हणजे नानांच्या काळचं शिकाऊ वैमानिकांचं विमान. पुढे शिकणारा, मागे शिकवणारा, नाकात गोल इंजिन. इतरांनी लांबूनच ओळखून दूर राहावं म्हणून त्याला अंगभर पिवळा रंग असायचा. या घरातली तिन्ही मुलं अंक शिकायच्या आधी विमानं ओळखायला शिकली होती. पंख खाली की वर, चाक शेपटाला की नाकाला, आवाज गुरगुरता की शिट्टीसारखा. पण पिवळ्या केव्हाच भंगारात गेल्या होत्या. दोन पिढ्यांपूर्वी.

"आता ऐकू येतंय?" दादा म्हणाला.

"आता नाही. आज रविवार आहे ना."

"म्हणजे ते विमान रविवारी सुट्टी घेतं!"

ताईने डोळे मोठे करून त्याला दटावलं, पण तो थांबला नाही. "नाना, ते विमान येतं म्हणता, मग जातं कुठे? तुम्हीच सांगितलंत मला, आवाज चढतो, पण पुढे जात नाही."

"नाही जात. चढतो, मग किंचित पडतो, परत चढतो, परत पडतो. मग बंद. उडायच्या आधी करतात ती तपासणी आहे ती."

"ऐकलंत? रोज तयारी करतं आणि कधीच उडत नाही. असं विमान असतं का हो कुठे?"

नानांनी खुर्चीच्या हातावर बोटं आवळली. सुनेला ते बघवेना.

दादा मग मुद्द्यावर आला. शहराबाहेर ज्येष्ठांसाठी निवास आहे, बाग आहे, नर्स आहे, खोली रिकामी झाली आहे, लवकर कळवायचं आहे. आई गेल्यापासून नाना एकटे राहतात, दिवसाची बाई संध्याकाळी निघून जाते. "आणि आता हे भास. मी मनाचं सांगत नाही. ही स्वतः म्हणाली होती मला," त्याने सुनेकडे बोट केलं. "ऐकू कमी यायला लागलं की मेंदू जुने आवाज स्वतःच तयार करतो. बोल ना, म्हणाली होतीस की नाही?"

म्हणाली होती. आई गेल्यावर नानांनी पहिल्यांदा पिवळीचा विषय काढला तेव्हा, फोनवर. नाना वेडे झालेले नाहीत, असं होतं पुष्कळांचं, एवढंच तिला सांगायचं होतं. दादाने त्यातलं अर्धं उचललं आणि शस्त्र करून ठेवलं.

"असं होतं, म्हणाले होते मी. नानांचं तसंच झालंय, असं नव्हतं म्हटलं," ती म्हणाली. "मी तपासलेलं नाही."

"आता त्यात तपासायचं काय?"

"ताई, तुम्हाला काय वाटतं?"

ताईने सुस्कारा सोडला. "मला वाटतं दादाचं बरोबर आहे. मला ते बरोबर असायला नको आहे, पण आहे."

बाळ, म्हणजे सुनेचा नवरा, बशीतल्या टरफलांची रांग लावत बसला होता. जमिनी मोजणं हा त्याचा धंदा. घरच्या हद्दीचा वाद निघाला की तो मुका व्हायचा.

"पुढच्या रविवारपर्यंत थांबा," सून म्हणाली. "तोवर त्या निवासाला काही कळवू नका."

"आणि तोवर तू काय करणार?"

"ऐकणार," ती म्हणाली.

*

मंगळवारी तिने रजा टाकली आणि नानांच्या समोर स्टूल ओढून बसली. आधी तिने त्यांची नीट श्रवणचाचणी घेतली. छोटं यंत्र ती सोबत घेऊन आली होती. निकाल तिच्या अपेक्षेसारखाच होता. पक्ष्यांची किलबिल, दाराची घंटा, ताईचा चढलेला सूर, हे सगळं गेलं होतं. पण खालचे, जाडे, घुमणारे आवाज जवळजवळ शाबूत.

"नाना, तुम्हाला ताईंचं बोलणं किती ऐकू येतं हो?"

"जेवढं ऐकायचं असतं तेवढं."

दुपार झाली. खाली रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न, शेजारी मिक्सर, वरच्या मजल्यावर कुणीतरी पलंग सरकवत होतं. तिने कान टवकारले. काही नाही. नाना मात्र एकदम सरळ बसले.

"झालं सुरू."

"मला नाही येत ऐकू."

"कानाने नको. इकडे ये." त्यांनी तिचं मनगट धरलं आणि तळहात खिडकीच्या बंद काचेवर टेकवला. "डोळे मीट. बोलू नकोस."

काच थरथरत होती. इतकी बारीक की माशी बसली असावी असं वाटावं. मग ती थरथर वाढली, तिच्या बोटांतून मनगटात आली. वाढता वाढता क्षणभर बसल्यासारखी झाली, पुन्हा उभी राहिली, पुन्हा बसली. आणि हाताला ते कळल्यावर मग कानालाही कळलं. रिक्षांच्या आणि मिक्सरच्या खाली, पार तळाशी, एक गुरगुर होती. इतके दिवस ती कुणी निवडून काढली नव्हती इतकंच.

तिने तळहात काचेवरून काढला नाही.

"दोन मॅग्नेटो असतात इंजिनाला," नाना डोळे मिटून सांगत होते. "ठिणगी देणारे. एक बंद करून बघायचं, इंजिन जरा दमतं. चालू करायचं. मग दुसरा. दोन्ही वेळा सारखंच दमलं तर उडायचं. ऐक, एका सिलिंडरचा ठोका अडखळतोय. खोकल्यासारखा."

"नाना, मग हे तुम्ही दादांना असं का नाही सांगितलं?"

"त्याने विमान कुठे आहे असं कधी विचारलंच नाही. तो विचारतो, तुम्हाला अजून येतं का ऐकू? त्यावर काय बोलणार?"

"कुठे आहे मग?"

नानांनी हात उचलला. जरासुद्धा न अडखळता, खांद्याच्या रेषेत, गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्यांच्या पलीकडे. "तिकडे. पण किती लांब, ते नाही सांगता येत."

संध्याकाळी तिने हे सगळं एका दमात बाळला सांगितलं. त्याने आधी घास गिळला, मग ताट बाजूला सारलं.

"हात कुठे दाखवला? नक्की कुठे?"

"टाक्यांच्या पलीकडे म्हटलं ना."

"टाक्या पुष्कळ असतात. उद्या मी येतो, कंपास घेऊन." त्याच्या डोळ्यांत तिला बऱ्याच दिवसांनी काहीतरी चमकलेलं दिसलं. "एका जागेवरून दिशा कळते, अंतर नाही. दोन जागांवरून दिशा घेतली तर रेघा जिथे एकमेकींना कापतील तिथे ते असणार. शेतं मी अशीच तर मोजतो."

दुसरी जागा उंच हवी होती आणि आवाजाच्या टापूत हवी होती. ताईच्या शाळेची गच्ची. म्हणजे ताईला सांगणं आलं. सुनेने फोन केला तेव्हा ताईने सगळं ऐकून घेतलं.

"खिडकीची काच हलते?" तिने शेवटी विचारलं.

"हो ताई. माझ्या हाताला कळलं."

"लहानपणी आम्हाला उभं करायचे ते असंच, दाराला कान लावून. दादा सगळ्यांत आधी ओळखायचा. माझं नेहमी चुकायचं." मग मुख्याध्यापिकेच्या आवाजात, "गुरुवारी मधल्या सुट्टीनंतर या. गच्चीची किल्ली शिपायाकडे सांगून ठेवते."

गुरुवारी नाना शाळेचे तीन जिने थांबत थांबत चढले. वर वारा होता. बाळ कंपास धरून उभा, ताई पदर सावरत कठड्याशी. आवाज सुरू झाला तसा नानांचा हात उठला, आणि या वेळी भलत्याच दिशेला. ताईचा चेहरा पडला. पण बाळ हसला. दिशा वेगळी असायलाच हवी होती. काल नानांच्या खिडकीतून घेतलेल्या रेघेला कापणारी दुसरी रेघ त्याने नकाशावर ओढली आणि बोट टेकवलं.

"शीतगृहाच्या मागे. जुना बस डेपो आहे तिथे."

"तो तर बंद पडलाय केव्हाचा," ताई म्हणाली. थोडा वेळ ती नकाशाकडे बघत राहिली आणि मग तिने फोन काढला. "दादाला मी बोलावते. माझ्या शब्दाला तो नाही म्हणणार नाही. आणि म्हणाला तर बघतेच."

सुनेला हसू आलं. रविवारी ताई दादाच्या बाजूला होती.

*

शुक्रवारी दुपारी दादा आला तो कोर्टाच्या काळ्या कोटातच, कपाळावर आठ्या घेऊन. "तुम्ही सगळे मिळून त्यांना खुळी आशा लावताय," तो गाडीत बसण्याआधी सुनेच्या कानाशी कुजबुजला. "तिथे काही निघालं नाही तर घरी येऊन त्यांना कोण सांभाळणार? तू?"

"हो, मी," ती म्हणाली. पण तिथे पाण्याचा पंपही निघू शकत होता. जनरेटर, पिठाची गिरणी, काहीही. काच थरथरली याचा अर्थ पिवळी, असं थोडंच होतं?

डेपोच्या फाटकावर बसची जुनी पाटी तशीच होती. आत मात्र रंगीत शर्ट घातलेली मुलंमुली इकडून तिकडे पळत होती. शेडच्या दारात एक बाई उभी होती, कोपरापर्यंत तेलाने माखलेली, केस रुमालात बांधलेले.

"तक्रार करायला आलात ना?" तिने दादाचा कोट बघून थेट विचारलं. "आवाजाची? आम्ही दिवसातून एकदाच चालवतो, तेही दुपारी. परवानगी आहे आमच्याकडे."

"काय चालवता?" दादाने विचारलं.

बाई बाजूला झाली.

शेडमध्ये एक विमान उभं होतं. म्हणजे विमानाचं धड. पंख नव्हतेच, ज्या जागी असायला हवेत तिथे नुसते लोखंडी कान बाहेर आलेले. पिवळ्या रंगाचा मागमूस नव्हता, अंगभर करडा लेप फासलेला. चाकांखाली लाकडी ठोकळे, शेपटी जाड दोराने जमिनीतल्या खुंट्याला बांधलेली. पण नाकात गोल इंजिन होतं, आणि पुढे-मागे दोन सीटा होत्या.

दादाने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"पंख नाहीत, नाना," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "म्हणून उडत नाही."

"हात लावू का?" नानांनी विचारलं.

बाई विमान दुरुस्ती शिकवणाऱ्या एका छोट्या विद्यालयाची प्रमुख होती. याच वर्षी त्यांना हा डेपो मिळाला होता. धड त्यांनी भंगारवाल्याकडून सोडवून आणलं होतं. तिने स्वतः नानांना हात धरून नेलं. नाना नाकापासून सुरू झाले. पंख्याचं पातं, इंजिनाचं गोल झाकण, मग बाजूने मागे. मध्येच थबकले.

"इथे पायरी हवी. आमच्या पिवळीला इथे पायरी होती."

"याला नाही. हे नंतरचं मॉडेल आहे, काका."

"अस्सं?" नानांच्या कपाळावर आठी पडली. ते परत मागे गेले, परत चाचपलं. "म्हणजे ही पिवळी नव्हे. तिची धाकटी बहीण. आवाजावरून मला फरक कळला नाही!" आणि यात त्यांना राग यायच्या ऐवजी इतकी मौज वाटली की ते मोठ्याने हसले. "आणि एक सिलिंडर खोकतोय तुमचा."

"माहीत आहे हो," बाई म्हणाली. "त्याचा भाग मिळत नाहीये कुठे."

आजची चाचणी व्हायचीच होती. तुम्ही बसता का, असं बाईने विचारलं आणि नानांना दोन मुलांनी धरून मागच्या सीटवर बसवलं. मग नानांनी मान जराशी वळवली, कुणाच्या तरी बाजूला.

"पुढे कुणीतरी लागेल. ब्रेक दाबून धरायला."

बाळ पुढे सरकला, पण ताईने त्याची बाही धरली. सगळे दादाकडे बघायला लागले. दादाने काळा कोट काढून सुनेच्या हातात दिला आणि शिडी चढला. त्या कोटाला अजून त्याच्या अंगाची ऊब होती.

इंजिन सुरू झालं तेव्हा शेडचे पत्रे वाजायला लागले. धुराचा एक लोट गेला, धूळ उडाली, ताईने दोन्ही कान झाकले. सुनेने झाकले नाहीत. आवाज चढला. नाना पुढे वाकून ओरडून काहीतरी सांगत होते, आणि दादा, ज्याने आजवर कुणाचंही वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं, तो नुसती मान हलवत होता. त्याचा हात पुढच्या फळीवरच्या एका बटणाकडे गेला. आवाज किंचित पडला. परत चढला. परत पडला. दादाचा चेहरा तिला नीट दिसत होता. घरातल्या जुन्या फोटोंतसुद्धा तो तिने असा कधी पाहिला नव्हता.

इंजिन बंद झाल्यावर कुणाचेच कान लवकर जागेवर येईनात. दादा खाली उतरला, मग नानांना उतरवून घेतलं. विद्यालयाच्या मुलांनी बाकं आणली, चहा आणला.

"नाना," दादा म्हणाला, "चुकलं माझं. त्या निवासाला मी आजच नाही म्हणून कळवतो. तुमच्या घरात तुम्ही राहा."

ताईने डोळे पुसले. बाळने सुनेला कोपर मारून खूण केली, जिंकलीस बरं का. तिलाही तसंच वाटत होतं.

"थांब जरा," नाना म्हणाले. कप त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. "विमानाचं माझं बरोबर निघालं, बरं झालं. पण तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. मागच्या महिन्यात मी खाली फिरायला गेलो आणि मला घर सापडेना. डोळ्यांमुळे नव्हे. कुठल्या बाजूला वळायचं, तेच आठवेना. आपल्याच गल्लीत. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने आणून सोडलं. त्याला म्हटलं, कुणाला सांगू नकोस."

ताईने हातातला कप बाकावर ठेवला.

"नाना, एखाद्या वेळी होतं असं कुणाचंही," सून घाईने म्हणाली.

"दोनदा झालं, कानवाली." ते तिच्या बाजूला बघत होते, म्हणजे अगदी तिच्याकडेच. "तू माझी बाजू लढवलीस. म्हणून तर हे सांगायला जीभ उचलली. नाहीतर भासांच्या खात्यात जमा झालं असतं. मला एकट्याने राहायला नको आता. पण कुठे राहायचं ते मी ठरवणार."

"आमच्याकडे या," ती म्हणाली. तिने बाळला विचारलंही नाही. "खोली तयार आहे."

"माझ्याकडे," ताई म्हणाली. "शाळा जवळ आहे, मी दुपारी येऊन जाईन."

नानांनी मान हलवली आणि कप थोरल्याच्या दिशेने केला. "मी याच्याकडे जाणार."

दादा बाकावरून अर्धवट उठला. "माझ्याकडे? मी तर तुम्हाला..."

"तेच तर. या दोघी माझं सगळं खरं धरून चालतील. मी म्हटलं पूर्व, तर पूर्व. बाळ तर माझ्यासाठी नकाशे काढेल. तू मात्र प्रत्येक गोष्टीत पुरावा मागतोस. तुझ्याशी भांडायचं तर मला रोज डोकं चालवावं लागेल. बायकोला विचार आधी. तिने हो म्हटलं तरच."

"ती हो म्हणेल," दादा म्हणाला. "तिचं म्हणणं पहिल्यापासून तेच होतं. मीच नको म्हणत होतो."

इतकी धावपळ सुनेने केली, आणि नानांनी निवडलं ते दादाला. हे वाटणं चांगलं नाही हे तिला कळत होतं, तरी वाटायचं ते वाटलंच. दादाचा कोट अजून तिच्या हातात होता. तिने तो झटकला, घडी केली आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

परत जाताना नाना दादाच्या गाडीत बसले. फाटकापर्यंत पोचायच्या आतच दोघांची जुंपली. दादा म्हणत होता, पिवळीला पायरी डाव्या बाजूला होती. नाना म्हणत होते, दोन्ही बाजूंना. गाडीच्या काचा खाली होत्या. लहानपणी मी स्वतः चढलोय तिच्यावर, असं दादा ओरडत होता, आणि नाना त्याहून मोठ्याने म्हणत होते, तेव्हा तुला डावं-उजवं तरी कळत होतं का?

"वाईट वाटलं?" बाळने विचारलं.

"वाटलं," ती म्हणाली. "पण निवड बरोबर आहे त्यांची."

दादाची गाडी वळणाशी जाऊन थांबली. हात हलवायला असेल असं तिला वाटलं. पण दादा तावातावाने खाली उतरला आणि शेडकडे मान वळवून हाक मारू लागला, "अहो बाई! जरा एक मिनिट! तुमच्याकडे त्या आधीच्या मॉडेलचा एखादा फोटो आहे का?"